लॉकहार्टचा इंटरकूलर

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरणाऱ्याच्या बोटांना हे कळते, कारण दहा-वीस झटक्यांतच पंपाचे तोंड हात लावू देत नाही. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर चालणारा असाच एक पंप. इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा आत घेईल, त्याहून जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबणे हे त्याचे काम. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची सोय, आणि जास्त इंधन म्हणजे जास्त ताकद. मात्र ही कोंबलेली हवा सोबत उष्णता घेऊन येते आणि पंपाची अर्धी मेहनत त्या उष्णतेत वाया जाते.

हा तोटा किती, ते साध्या हिशेबाने काढता येते. २७ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबापर्यंत आणली, तर अगदी निर्दोष पंपातूनही ती ९३ अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. प्रत्यक्षातला कोणताही पंप निर्दोष नसतो. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर तापमान १३७ अंशांवर जाते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी हवेची घनता दुप्पट होत नाही, जेमतेम दीडपट भरते. तीच हवा सिलिंडरमध्ये शिरण्यापूर्वी ६० अंशांपर्यंत थंड केली आणि दाब तेवढाच टिकला, तर घनता १.८ पटीवर पोहोचते. पंपाचा वेग किंवा आकार न वाढवता हवेत सुमारे २३ टक्क्यांची भर पडते.

दुसरा तोटा अधिक घातक आहे. गरम मिश्रण सिलिंडरमध्ये पुन्हा दाबले गेले की स्पार्क प्लगची ज्योत पोहोचण्याआधीच त्याचा उरलेला भाग एकदम पेट घेतो. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याचा आवाज हातोडीने धातू ठोकल्यासारखा येतो आणि परिणामही त्याच जातीचा असतो: पिस्टनच्या माथ्याला भोके पडतात, बेअरिंगे फुटतात. त्यामुळे सुपरचार्जर किती जोरात फिरवायचा, हे शेवटी हवेच्या तापमानावर ठरते.

सुरुवातीच्या काळात या तापमानाची फारशी फिकीर कोणी केली नाही, कारण दाबच किरकोळ होता. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, कॉनर्सव्हिलच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये ज्या ब्लोअरचे, म्हणजे हवा फुंकणाऱ्या पंपाचे, पेटंट घेतले, त्याचा मोटारीशी काही संबंध नव्हता. तो भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी वापरात आला. गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्ये आणि लुई रेनोने १९०२ मध्ये इंजिनात जबरदस्तीने हवा भरण्याच्या कल्पनेची पेटंटे घेतली. १९०८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ली चॅडविकने आपल्या सहा सिलिंडरच्या गाडीवर सेंट्रिफ्यूगल ब्लोअर बसवून चढावाच्या शर्यती जिंकल्या. पण सुपरचार्जरला खरे महत्त्व आले ते पहिल्या महायुद्धातल्या विमानांमुळे. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाचा दम जातो, आणि तो परत आणायला पंप लागतो.

युद्धानंतर ही विद्या शर्यतीच्या मोटारींत उतरली. सप्टेंबर १९२३ मध्ये मोंझा येथे कार्लो सालामानोच्या फियाट ८०५ गाडीने इटालियन ग्रां प्री जिंकली. सुपरचार्जर लावलेल्या गाडीने ग्रां प्री जिंकण्याची ही पहिलीच वेळ. अशा गाड्यांत ब्लोअर फक्त हवा दाबत असे आणि ती दाबलेली हवा पुढे इंधन मिसळणाऱ्या कार्बुरेटरमधून जात असे. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या सनबीम कंपनीने ही मांडणी उलटी केली. कार्बुरेटर ब्लोअरच्या आधी आला आणि ब्लोअर हवेऐवजी इंधन मिसळलेली हवा ओढू लागला. इंधनाचे थेंब ब्लोअरमध्ये फिरताना त्यांची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच काढली जाते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने सनबीमचे मिश्रण थोडे गार झाले. सुपरचार्ज केलेल्या मोटारीच्या इतिहासात दाबलेली हवा थंड करण्याची ही एक महत्त्वाची पायरी होती.

अमेरिकेत प्रश्न अधिक टोकदार होता. तिथे १९२६ पासून शर्यतीच्या इंजिनांवर ९१.५ घन इंचांची, म्हणजे दीड लिटरची मर्यादा आली. लॉस एंजलिसच्या हॅरी मिलरच्या कारखान्यात या मर्यादेसाठी आठ सिलिंडरचे एक इंजिन तयार झाले. त्याची आखणी लिओ गूसेनची आणि घडण फ्रेड ऑफेनहाउसरच्या देखरेखीखालची. मिलर ९१ या नावाने ते ओळखले जाते. कारागिरीच्या दृष्टीने त्या दशकातले इतके सुंदर इंजिन दुसरे दाखवणे कठीण आहे. त्याच्या मागच्या टोकाला सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर होता आणि त्याचे चाक क्रँकशाफ्टच्या पाचपटीहून अधिक वेगाने, म्हणजे मिनिटाला ३५ हजार फेऱ्यांच्याही पुढे फिरत असे. सुरुवातीला या इंजिनाची ताकद दीडशे अश्वशक्तीच्या आसपास होती. दोन-तीन वर्षांतच निवडक गाड्यांत ती अडीचशेच्या वर गेली.

सेंट्रिफ्यूगल पंपाचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिन सावकाश चालत असताना तो जवळजवळ काहीच करत नाही आणि शेवटच्या हजार-दीड हजार फेऱ्यांत एकदम जोर धरतो. उष्णताही तिथेच उसळते. युरोपातल्या रस्त्यांवरच्या शर्यतींत दर वळणाला चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो आणि इंजिनाला क्षणभर उसंत मिळते. अमेरिकेतल्या शर्यती मात्र लाकडी फळ्या ठोकून बांधलेल्या अंडाकृती धावपट्ट्यांवर चालत. त्यांची वळणे इतकी उभी असत की गाडी वेग कमी न करताच फिरे. इंजिन मैलोन्मैल पूर्ण जोरावर राही आणि सुपरचार्जरने तापवलेल्या मिश्रणाला निवण्याची संधीच मिळत नसे. मिलरच्या गाड्यांत कार्बुरेटर सुपरचार्जरच्या आधी होता, म्हणजे इंधनाच्या वाफेचा गारवा आधीच हिशेबात धरलेला होता. तो पुरा पडत नव्हता.

फ्रँक लॉकहार्ट या गाड्यांकडे आला तो चालक म्हणून. ओहायो राज्यातील डेटन येथे जन्मलेला आणि लॉस एंजलिसमध्ये वाढलेला हा तरुण कॅलिफोर्नियातल्या मातीच्या धावपट्ट्यांवर नाव काढून होता. मे १९२६ मध्ये तो इंडियानापोलिसला राखीव चालक म्हणून पोहोचला. पीटर क्राइस हा चालक आजारी पडल्यामुळे त्याची मिलर गाडी लॉकहार्टच्या हाती आली. इंडियानापोलिसची ही त्याची पहिलीच मोठी शर्यत होती. विसाव्या क्रमांकावरून सुटून तो पुढे आला आणि पावसामुळे ५०० ऐवजी ४०० मैलांवर थांबवलेली शर्यत त्याने जिंकली. या विजयाने त्याच्या हातात पैसा आला आणि त्याने स्वतःच्या मिलर गाड्या घेतल्या. इथून पुढचा लॉकहार्ट चालकापेक्षा संशोधक म्हणून अधिक मोठा आहे. त्याचे औपचारिक शिक्षण तुटपुंजे होते, पण धातू, गती आणि उष्णता यांची त्याची समज पदवीधरांना मागे टाकणारी होती. ज्या गोष्टीसाठी आकडेमोड लागे, तिच्यासाठी त्याने झीनस आणि जॉन वायझेल या इंजिनिअर बंधूंना सोबत घेतले.

या तिघांनी मिलरच्या इंजिनाकडे नव्याने पाहिले. सुपरचार्जरमधून निघालेले मिश्रण एका नळीतून सरळ सिलिंडरांकडे जात होते. ही नळी इंजिनाच्या तापलेल्या बाजूला खेटून असल्यामुळे वाटेत मिश्रण निवायचे सोडून आणखी तापण्याचा धोका होता. लॉकहार्टने त्या साध्या नळीच्या जागी ॲल्युमिनियमचा एक लांबट, चपटा कोठा बसवला. त्याच्या अंगावर मोटारसायकलच्या सिलिंडरवर असतात तशा फिन्स होत्या. आतून गरम मिश्रण जाई आणि बाहेरून धावत्या गाडीचा वारा फिन्सवरून वाहत असे. कोठ्यात हलणारा एकही भाग नव्हता, पाणी नव्हते, पंप नव्हता आणि चालवायला इंजिनाची ताकदही लागत नव्हती. दाबलेले मिश्रण वाटेतच थंड करणाऱ्या अशा उपकरणाला इंटरकूलर म्हणतात, आणि अमेरिकन शर्यतीच्या इतिहासात मोटारीच्या इंटरकूलरचे श्रेय या कोठ्याला दिले जाते.

या रचनेत एक देखणा हिशेब आहे. सुपरचार्जरची उष्णता वेगाबरोबर वाढते आणि गाडीवरून वाहणारा वाराही वेगाबरोबर वाढतो. ताशी ५० मैलांवर हा कोठा फारसे काही करत नाही, कारण तेव्हा करण्यासारखे काही नसते. ताशी १५० मैलांवर इंजिनाला त्याची सर्वांत जास्त गरज असते आणि नेमका तेव्हाच त्याच्यावर सर्वांत जोराचा वारा आदळत असतो. फळ्यांच्या धावपट्टीवर गाडी सदैव पूर्ण वेगात असल्यामुळे तिथे या उपकरणाचे चीज झाले. शहरातल्या रहदारीत चालणाऱ्या गाडीवर त्या काळात असे काही बसवले असते, तर ते ओझेच ठरले असते.

इंटरकूलर फुकट मिळत नाही, हेही तितकेच खरे. कोठ्यातून वळत जाताना मिश्रणाचा थोडा दाब खर्ची पडतो. कोठा जितका मोठा तितकी उष्णता जास्त निघते, पण सुपरचार्जर आणि सिलिंडर यांच्यातली जागाही वाढते आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन प्रतिसाद द्यायला अंमळ उशीर करते. मिलरच्या मांडणीत कोठ्यातून नुसती हवा नव्हे, तर इंधनाचे मिश्रण जात होते. ते बेताबाहेर थंड झाले तर इंधनाचे थेंब पुन्हा भिंतीला चिकटण्याचा धोका होता. म्हणजे किती थंड करायचे यालाही सीमा होती.

१९२७ सालच्या नोंदी पाहिल्या की या कोठ्याचे मोल कळते. एप्रिलमध्ये लॉकहार्टने आपली दीड लिटरची मिलर कॅलिफोर्नियातील म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेली. हेच तळे पुढे एडवर्ड्स हवाई तळ म्हणून प्रसिद्ध झाले. दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी ताशी १६४ मैल, म्हणजे २६४ किलोमीटर भरली. एका दिशेने तर गाडी ताशी १७१ मैलांवर गेली. त्याआधी दोनच आठवडे हेन्री सीग्रेव्हने डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी २०३.७९ मैलांचा जागतिक विक्रम केला होता. सीग्रेव्हच्या सनबीममध्ये विमानाची दोन इंजिने होती आणि त्यांचे एकत्रित आकारमान जवळपास ४५ लिटर होते. लॉकहार्टचे इंजिन त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढे.

मे महिन्यात न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीच्या दीड मैलांच्या लाकडी धावपट्टीवर त्याने ताशी १४७.७२९ मैलांनी फेरी मारली. या आकड्याची उंची अशी की इंडियानापोलिसच्या फेरीचा वेग त्याच्या पुढे जायला १९६० उजाडले. फळ्यांची उभी वळणे आणि इंडियानापोलिसची जवळजवळ सपाट वळणे यांची सरळ तुलना होत नाही, हे खरे. तरीही दीड लिटरच्या इंजिनाने १९२७ मध्ये हा वेग गाठला, याने आजही थक्क व्हायला होते. त्याच महिन्याच्या अखेरीस इंडियानापोलिसला तो ताशी १२०.१ मैलांच्या वेगाने पहिल्या जागेवरून सुटला आणि पहिल्या ८१ फेऱ्या त्याने कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. १२० व्या फेरीच्या सुमारास कनेक्टिंग रॉड तुटला आणि शर्यत जॉर्ज साउडर्सच्या ड्यूझेनबर्गकडे गेली. इंटरकूलरने वाढवलेली ताकद इंजिनाच्या बाकीच्या अवयवांना पेलवेलच असे नाही, हे या रॉडच्या तुकड्यांत दिसले. एक अडसर दूर केला की ताण पुढच्या कच्च्या दुव्यावर जातो.

म्युरॉकच्या धावेने लॉकहार्टला एक दिशा दाखवली. दीड लिटरमध्ये १६४ मैल मिळत असतील, तर तशी दोन इंजिने जोडून दोनशेच्या पुढे का जाऊ नये? इंडियानापोलिसच्या स्टुट्झ कंपनीचे प्रमुख फ्रेड मॉस्कोविक्स यांनी पाठबळ दिले आणि स्टुट्झ ब्लॅक हॉक ही गाडी जन्माला आली. मिलरचे आठ-आठ सिलिंडरचे दोन संच एकाच क्रँककेसवर शेजारी-शेजारी उभे केले गेले. आकारमान तीन लिटर, सुपरचार्जर दोन, ताकद पाचशे अश्वशक्तीच्या वर. विमानांसाठीच्या वायुबोगद्यात प्रतिकृती तपासून गाडीचे अंग इतके अरुंद ठेवण्यात आले की चालक जेमतेम मावे, आणि चारही चाकांवर वाऱ्याला कापणारी आच्छादने होती.

थंडाव्याची व्यवस्था हा या गाडीचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे. रेडिएटर वाऱ्याला अडवतो, म्हणून तो काढूनच टाकला. इंजिनाचे पाणी थंड ठेवायला गाडीत बर्फाची टाकी बसवली. विक्रमाची धाव काही मिनिटांचीच असते आणि तेवढ्या वेळापुरता बर्फ पुरतो. इंटरकूलरसाठी मात्र लॉकहार्टने वाराच कायम ठेवला, पण त्याला अडथळा होऊ दिला नाही. फिन्स असलेला कोठा बॉनेटच्या वरच्या अंगाशी एकजीव केला गेला. गाडीची त्वचा हीच उष्णता सोडण्याची जागा झाली. मिश्रण थंड करण्यासाठी वाऱ्याची वेगळी किंमत मोजावी लागू नये, हा त्यामागचा विचार होता, आणि १९२८ सालच्या मोटारीत इतका नेमका विचार क्वचितच कोणी केला असेल.

फेब्रुवारी १९२८ मध्ये डेटोनाच्या किनाऱ्यावर तीन प्रकारच्या गाड्या आमनेसामने आल्या. १९ फेब्रुवारीला माल्कम कॅम्पबेलने नेपियर लायन विमान-इंजिनाच्या ब्लूबर्डवर ताशी २०६.९६ मैल गाठले. रे कीचच्या ट्रिप्लेक्स गाडीत पहिल्या महायुद्धातली लिबर्टी विमान-इंजिने होती, एक नव्हे तर तीन. त्यांचे मिळून आकारमान ८१ लिटर. त्यांच्यासमोर तीन लिटरची ब्लॅक हॉक. २२ फेब्रुवारीला पाऊस आणि धुके असताना लॉकहार्टने धाव घेतली. दोनशेच्या आसपास वेग असताना गाडी भरकटली आणि कोलांट्या खात समुद्रात जाऊन पडली. तो गाडीत अडकला होता आणि लाटा डोक्यावरून जात होत्या. बघ्यांनी पाण्यात शिरून गाडी ओढली आणि त्याला वाचवले.

गाडी दुरुस्त होऊन दोन महिन्यांनी परत आली. मधल्या काळात, २२ एप्रिलला, कीचने ट्रिप्लेक्सवर विक्रम ताशी २०७.५५ मैलांवर नेला होता. २५ एप्रिलच्या सकाळी लॉकहार्टने घेतलेल्या एका धावेत ब्लॅक हॉकचा वेग ताशी २०३.४५ मैल नोंदला गेला. परतीच्या धावेत दोनशेच्या वर वेग असताना मागचे टायर फुटले. गाडी उलटत गेली, लॉकहार्ट बाहेर फेकला गेला आणि तिथेच मरण पावला. त्याचे वय पंचविशीचे होते. इंजिन, सुपरचार्जर, इंटरकूलर यांपैकी काहीही त्या दिवशी निकामी झाले नव्हते. टायरच्या रबराला तो वेग झेपला नाही.

तीन लिटरच्या इंजिनाने ८१ लिटरच्या गाडीच्या वेगापासून सुमारे चार मैलांच्या अंतरात पोहोचणे, ही त्या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी घटना होती. विक्रमांच्या यादीत मात्र तिला जागा नाही, कारण यादीत फक्त दोन्ही दिशांची सरासरी जाते. ब्लॅक हॉकचे इंजिन वाचले आणि १९३९ मध्ये सॅम्पसन स्पेशल या गाडीतून ते इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुन्हा धावले. अकरा वर्षे जुने इंजिन नव्या गाड्यांच्या रांगेत उभे राहू शकले, हे त्याच्या रचनेविषयी पुरेसे बोलते. मधल्या वर्षांत अमेरिकेत हा धागा पुढे नेणारे कमी झाले, कारण १९३० पासून इंडियानापोलिसच्या नव्या नियमांनी सुपरचार्जरला अनेक वर्षे बाहेर ठेवले. लाकडी धावपट्ट्याही एकेक करून मोडकळीस आल्या.

युरोपने वेगळी वाट धरली. तिथे मिश्रण थंड करण्याचे काम वाऱ्याऐवजी इंधनावर सोपवले गेले. मिथेनॉल या अल्कोहोलची एक किलो वाफ व्हायला सुमारे १,१०० किलोज्यूल उष्णता लागते. पेट्रोलला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. शिवाय तेवढीच हवा जाळायला मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक ओतावे लागते. दोन्हींचा गुणाकार केला की मिथेनॉलचा गारवा पेट्रोलच्या सुमारे सातपट भरतो. कार्बुरेटर ब्लोअरच्या आधी ठेवला की ही सगळी उष्णता दाबल्या जाणाऱ्या हवेतूनच काढली जाते. मर्सिडीज बेंझने बराच काळ ब्लोअरनंतर कार्बुरेटर ठेवण्याची जुनी पद्धत सोडली नव्हती. १९३७ च्या डब्ल्यू १२५ गाडीच्या काळात तिनेही ती बदलली. या पद्धतीचे शेवटचे टोक म्हणजे १९५१ ची अल्फा रोमिओ १५९. दीड लिटरचे इंजिन, दोन टप्प्यांचा सुपरचार्जर आणि चारशेच्या वर अश्वशक्ती. एका लिटर इंधनात ती जेमतेम अर्धा किलोमीटर जाई. त्यातला मोठा वाटा जळण्यासाठी नव्हता, सिलिंडर आणि मिश्रण गार ठेवण्यासाठी होता. जुलै १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला फ्रॉइलान गोन्झालेझने सुपरचार्जर नसलेल्या साडेचार लिटरच्या फेरारीने अल्फांना हरवले, त्यामागे ही तहान हे एक मोठे कारण होते.

इंटरकूलर पूर्ण वयात आला तो मात्र विमानात. १९४१ च्या शरदात जर्मन फॉके-वुल्फ १९० विमानांपुढे ब्रिटिश स्पिटफायर मागे पडू लागले. रोल्स-रॉइसमध्ये स्टॅन्ली हूकर हा गणिताचा माणूस १९३८ पासून स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरवर काम करत होता. उंचावर दाब टिकवण्यासाठी सुपरचार्जरची दोन चाके एकापाठोपाठ बसवण्याचा मार्ग निघाला. दोन टप्प्यांत दाबलेले मिश्रण इतके तापते की ते थंड केल्याशिवाय सिलिंडरमध्ये सोडणे अशक्य. मर्लिन ६१ मध्ये दुसऱ्या टप्प्यानंतर इंटरकूलर बसवला गेला, आणि तो वाऱ्यावर नव्हे तर द्रवावर चालणारा होता. पाणी आणि ग्लायकोल यांचे मिश्रण स्वतंत्र पंपाने त्याच्यातून फिरे आणि पंखाखालच्या वेगळ्या रेडिएटरमध्ये उष्णता सोडून परत येई. इंजिनाच्या पाण्याशी त्याचा संबंध नव्हता, कारण ते पाणी स्वतःच उकळीच्या जवळ असते आणि मिश्रण थंड करायला कुचकामी ठरते. जुलै १९४२ मध्ये स्पिटफायर ९ लढाईत उतरले. ३० हजार फुटांवर नव्या इंजिनाची ताकद आधीच्या मर्लिन ४५ पेक्षा ३०० अश्वशक्तीने जास्त होती आणि विमान स्पिटफायर ५ पेक्षा ताशी जवळपास ७० मैलांनी वेगवान.

द्रवाचा हा मार्ग मोटारीत यायला बरीच वर्षे गेली. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोचार्जर, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा सुपरचार्जर, असलेली गाडी विकायला काढली, तेव्हा इंटरकूलरऐवजी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली होती. हे द्रव्य टाकीत वेळोवेळी भरावे लागे, आणि रोज गाडी वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला ते लक्षात राहत नसे. टाकी रिकामी झाली की इंजिनाच्या रक्षणासाठी दाब आपोआप मर्यादित होई आणि मालकाला गाडी मंद वाटू लागे. दोन वर्षांतच हा प्रयोग संपला. १९७८ मध्ये पोर्शने ९११ टर्बोचे इंजिन ३.३ लिटरचे केले आणि मागच्या स्पॉइलरखाली वाऱ्यावर चालणारा इंटरकूलर बसवला. ताकद २६० वरून ३०० अश्वशक्तीवर गेली. लॉकहार्टच्या कोठ्याशी त्याचे नाते सरळ आहे, फक्त ॲल्युमिनियमच्या एका कोठ्याची जागा पातळ नळ्या आणि पत्र्यांच्या जाळीने घेतली होती.

इंजिनावर पट्ट्याने फिरणारा सुपरचार्जर रस्त्यावरच्या गाड्यांत १९८० च्या दशकात परतला. टोयोटाने १९८६ मध्ये १.६ लिटरच्या एमआर-२ गाडीत रूट्स पद्धतीचा ब्लोअर आणि इंटरकूलर एकत्र दिले. १९८९ च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपमध्ये ईटन कंपनीचा ब्लोअर आणि वाऱ्याचा इंटरकूलर होता. पण व्ही आकाराच्या इंजिनात ब्लोअर दोन बाजूंच्या सिलिंडरांमधल्या खोबणीत बसतो आणि त्याची हवा लगेच खाली सिलिंडरांत जाते. ती गाडीच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणायची तर लांबच लांब नळ्या लागतात. अशा इंजिनांनी मर्लिनचा मार्ग घेतला. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर १ मध्ये ब्लोअरच्या झाकणातच विटांच्या आकाराचे दोन इंटरकूलर बसवले आहेत. त्यांच्यातून फिरणारे पाणी इंजिनाच्या पाण्यापासून वेगळे राहते आणि पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये थंड होते. ६.२ लिटरच्या या इंजिनाची ताकद ६३८ अश्वशक्ती.

पाण्याच्या इंटरकूलरचा दोष म्हणजे पाणी स्वतः तापत जाते. गाडी उभी असताना, किंवा एकापाठोपाठ जोराच्या धावा घेतल्यावर, ब्लोअरचे धड, झाकण आणि पाणी सगळेच गरम होऊन बसतात आणि पुढच्या धावेत ताकद घटते. सरळ रेषेत पाव मैल धावणाऱ्या ड्रॅग शर्यतींतले लोक म्हणून इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीत बर्फ भरतात. २०१८ च्या डॉज डेमन गाडीत बर्फाचे काम एअर कंडिशनरकडे दिले आहे. धाव घेण्यापूर्वी चालकाने ती सोय चालू केली की केबिन थंड करणारा वायू इंटरकूलरच्या पाण्याकडे वळतो आणि ते बाहेरच्या हवेपेक्षाही गार होऊ शकते. धाव संपवून इंजिन बंद केले तरी पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा पंखा चालू राहतात आणि साचलेली उष्णता काढत राहतात. शंभर ऑक्टेनच्या इंधनावर या इंजिनाची ताकद ८४० अश्वशक्ती आहे.